नऊ मीटरची लेस

लग्नसराई जवळ आली की नाशिककर दोन दिशांना पांगतात. पैठणीसाठी येवल्याला आणि लेस, गोटा, लटकन, अस्तर अशा किडुकमिडुकासाठी मुंबईला, काळबादेवी-भुलेश्वरला. येवल्याच्या साडीला लेस लावावी लागत नाही, हे तिचं मोठंच सुख. तिचा काठ मागावरच अंगाबरोबर विणला जातो. जॉर्जेट-शिफॉनला मात्र काठ बाहेरून आणायचा, म्हणजे आधी गणित आलं.

बाजारात लेसचा रोल बहुधा ९ मीटरचा. साडी साडेपाच मीटर लांब, पन्हा म्हणजे रुंदी साधारण १.१५ मीटर. खालची कड, वरची कड आणि पदर धरला तर १२ मीटरहून जास्त लेस लागते, म्हणजे एक रोल पुरत नाही. पण वरच्या कडेला पूर्ण लेस लावावीच का? कमरेला खोचला जाणारा भाग कुणाला दिसत नाही, उलट तिथे लेस टोचते आणि निऱ्या फुगतात. खालची कड ५.५ आणि पदर १.१५ मिळून ६.६५ मीटर. उरलेले २.३५ मीटर पदराच्या टोकापासून वरच्या कडेला लावत खांद्यावरून पुढे आणले की दिसणारा भाग झाकला जातो. कोपऱ्यांवर आणि टोकांच्या दुमडीत थोडी जाते, तरी एका रोलमध्ये साडी बसते. ब्लाउजच्या बाह्या मात्र बसत नाहीत. दोन्ही बाह्यांच्या घेराला ६० सेंटीमीटर सहज लागतात, आणि खरेदीत सगळे नेमके तेच विसरतात. महिनाभराने तीच लेस आणायला जावं तर डिझाइन तेच, पण छटा निराळी, कारण रंगाई वेगळ्या खेपेची. बाह्यांवर लेस हवी असेल तर दुसरा रोल त्याच दिवशी घ्यावा, आणि दोन्ही रोल एकमेकांवर ठेवून पाहावेत.

जायचं कसं? सकाळची पंचवटी एक्सप्रेस साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास सीएसएमटीला टेकते आणि बाजार अकराला डोळे उघडतो. रविवारी बहुतेक पेठ बंद. आता सीएसएमटी ते काळबादेवी भुयारी मेट्रोही आहे. आरे ते कफ परेड अशा ३३.५ किलोमीटरच्या या मार्गाचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. सीएसएमटीवरून कापडाच्या मंगलदास मार्केटला मात्र पायीच जावं. एका स्थानकासाठी खाली उतरा, सामान तपासणी यंत्रातून काढा आणि पुन्हा वर चढा, एवढ्या वेळात क्रॉफर्ड मार्केट ओलांडून होतं. मेट्रोचा खरा उपयोग दादरला उतरणाऱ्यांना, त्यातही भुलेश्वर गाठायचं असेल तर. काळबादेवीचा रस्ता चिंचोळा, म्हणून स्थानकाचा बराच भाग वरून न खणता आतल्या आत बोगद्यासारखा कोरला आहे. खाली गारवा आणि पांढरा दिवा. वर येताच हातगाड्या, पाठीवर तागे घेतलेले हमाल आणि ‘बाजू, बाजू’.

रंग जुळवताना दुकानातल्या दिव्यावर भरवसा ठेवू नये. त्याच्याखाली वांगी रंग तपकिरी दिसतो आणि अबोली गुलाबीकडे झुकते. मोबाइलमधला फोटो तर त्याहून फसवा. साडीच्या ब्लाउजपीसची दोन बोटांची कात्रण बरोबर न्यावी आणि लेस दारात, उजेडात नेऊन तिच्याशी ताडून पाहावी. दुकानदार कुरकुरत नाही, त्याला सवय आहे. जरीचा एक धागा ओढून काडीने जाळला आणि टोकाला गोळी झाली, तर ती प्लास्टिकची जर. वाईट नव्हे, फक्त इस्त्री मंद ठेवावी आणि मध्ये सुती कापड घालावं, नाहीतर लेस आक्रसते.

सुती लेस शिवण्याआधी तासभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावी. नाहीतर पहिल्याच धुण्यात लेस आटते, सिंथेटिक जॉर्जेट आटत नाही, आणि कडेला झालरीसारख्या चुण्या पडतात. जरीची लेस भिजवू नये, ती काळवंडते. जॉर्जेटला ११ नंबरची सुई आणि जरा लांब टाका. लेस वर, साडी खाली, आणि लेस मुळीच ताणायची नाही. शिंप्याकडून येणाऱ्या चुण्यांचं निम्मं कारण हा ताणच. मणी-खड्यांची लेस हातानेच लावावी, मशीनवर सुई मोडते. फॉल मात्र लेसनंतर, म्हणजे लेसची उलटी शिवण त्याच्याखाली झाकली जाते.

एवढं करून वीतभर तुकडा उरलाच तर तो टाकू नये. त्याला ब्लाउजची कात्रण टाचून ठेवावी. पुढच्या खेपेला ओढणीसाठी दुकानदाराला दाखवायला नमुना तोच.