पिंटो पीनट लावलं, पण आधी पार्सलने रडवलं

जुळे सोलापुरात घरापुढं दहा बाय पंधराची जागा आहे, तिथं लॉन दोनदा जळालं. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, लॉन कुठून जगणार. मग पिंटो पीनट लावायचं ठरवलं, म्हणजे आपल्या भुईमुगाचाच ब्राझीलमधला रानटी भाऊबंद, पिवळी फुलं, वर्षानुवर्षं टिकतो आणि जमिनीलगतच पसरतो, त्यामुळे सारखी कापणी नाही.

इथं दोन नर्सऱ्यांत मिळालं नाही म्हणून पुण्याहून दोनशे काड्या मागवल्या. बुधवारी पार्सल सोलापूरच्या डेपोत आलं आणि तिथंच बसलं, सहा दिवस! मोबाईलवर रोज एकच, 'पत्ता अपूर्ण'. अहो घर नंबर, पिनकोड, देवळामागची गल्ली, सगळं लिहिलंय की. फोन केला तर आज माणूस सुट्टीवर, उद्या नक्की, परवा पण नक्की. शेवटी भर मे महिन्यात दुपारी स्वतः गेलो, पत्र्याचं शेड, आत भट्टी. खिडकीतला म्हणाला ओटीपी दाखवा. म्हटलं आलाच नाही, आत जिवंत रोपं आहेत हो. तर म्हणे, "सगळे असंच सांगतात." अर्धा तास भांडल्यावर कळलं की ओटीपी नर्सरीवाल्याच्या मोबाईलवर जातोय, त्यानं माझ्या जागी स्वतःचाच नंबर टाकलेला! आणि तो फोन उचलेना. संध्याकाळी साडेसहाला उचलला, तेव्हा खोकं हातात पडलं. ऑर्डर देताना नंबर कुठला टाकलाय ते आधी विचारून घ्या, बाकी सगळं नंतर.

अर्ध्याहून जास्त काड्या काळ्या पडलेल्या. हिरवे डोळे (काडीवर कोंब फुटतो ती जागा) होते तेवढ्या निवडून डाळिंबाच्या सावलीत कोकोपीटमध्ये लावल्या, सत्तर जगल्या. मुळं डोळ्यातूनच फुटतात, म्हणून दोन डोळे मातीत जाऊ द्या. नंतर वीतभर अंतरावर जमिनीत लावल्या. पहिले दोन-अडीच महिने काहीच हलत नाही, उपटू नका.

मधे पानं पिवळी पडली. आपली माती चुनखडीची, भुईमुगाला होतं तेच, लोह मिळत नाही. लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) आणि थोडं लिंबू पिळून संध्याकाळी फवारलं, आठवड्याभरात हिरवं. युरिया नको, मुळावरच्या गाठी हवेतला नत्र (नायट्रोजन) घेतात. आणि हो, मागवायचं तर जूननंतर, मी मेमध्ये मागवलं हा माझाच शहाणपणा.

आता सगळं भरलंय. शेजारच्या काकू विचारतात शेंगा कधी काढणार. येतात काकू, पण बारक्या, एकेका दाण्याच्या. काड्या हव्या असतील तर चालत या आणि घेऊन जा, पार्सल मी करणार नाही.