एकाच पिंजऱ्यातले, पण तऱ्हा वेगळ्या

आज दिवसभर लॅबमध्ये विस्टार या प्रयोगांसाठी वापरल्या जाणाऱ्या वाणाच्या उंदरांचा रक्तदाब मोजत होतो. भूल दिलेला उंदीर, मांडीच्या धमनीत बारीक नळी, समोर स्क्रीनवर नाचणारी रेघ. शिरेतून फिनाइलएफ्रिन हे रक्तवाहिन्या आवळणारं औषध सोडलं की दाब झरकन चढतो. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांतले दाबग्राही लगेच मेंदूला वर्दी देतात, आणि मिनिटाला साडेतीनशेच्या घरातले ठोके खाली येतात. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड दिलं की बरोबर उलटं.

पुस्तकात एवढंच असतं. आज मात्र एकाचे ठोके दाब चढताच धाडकन उतरले, आणि त्याच वयाच्या, तेच खाद्य खाणाऱ्या दुसऱ्याने वजनाच्या हिशोबाने तेवढ्याच डोसची जेमतेम दखल घेतली. नळीत गुठळी असेल म्हणून हेपरिनचं (रक्त गोठू न देणारं) पाणी सोडून पाहिलं. रेघ स्वच्छ. स्वारी मुळातच थंड!

विस्टार म्हणजे काही एकाच साच्यातले जनुक नव्हेत, फरक असणारच. क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये उच्च रक्तदाबाच्या उंदरांचा जो वाण जगासमोर आणला, तोही विस्टारमधलेच जास्त दाबाचे निवडून, त्यांची पैदास करत. म्हणजे त्यांचं काम या फरकावरच उभं. आणि आपण सरासरी काढून तोच पुसून टाकतो! प्रत्येक उंदराचा स्वतंत्र ठिपका नसलेल्या आलेखावर माझा हल्ली विश्वासच बसत नाही.

सर म्हणाले, "एरर बार (सरासरीभोवतीचा फरक दाखवणारी रेघ) फार मोठा दिसतोय, तो थंडोबा वगळायचा का?" मी नाही म्हटलंय. उद्या मीटिंग आहे.