ढेमसीची साखर: १६८ चा घोळ

परवापासून डोक्याला भुंगा लागलाय. ढेमसी म्हणजे माझी पाळलेली कासवी, स्लायडर जातीची. थंडीत तिच्या रक्तातली साखर किती बदलते ते मोजतोय, तर डिसेंबरची निघाली १६८. ऑक्टोबरात टाक्यातलं पाणी २८ अंश होतं तेव्हा ती ७४ होती. साखर मोजायचं मीटर बाबांचं, रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्याही त्यांच्याच, त्यामुळे पहिला प्रश्नही त्यांचाच: "काहून बे, कासवीलेबी शुगर झाली का?"

आधी मलाही तेच वाटलं. मग ती सकाळ आठवून पाहिली. साकोलीकडे सध्या पहाटे चांगलाच गारठा असतो. पाणी १३ अंश. मीटर काढलं तर पडद्यावर थर्मामीटरचं चिन्ह, पुढे ढिम्म. हे यंत्र १० अंशांखाली चालतच नाही, म्हणून बंडीच्या आत छातीशी धरून गरम केलं. तोवर गुरांचे डॉक्टर आले. ढेमसी विटेखाली घुसलेली. वीस मिनिटं जाळी घेऊन तिच्यामागे. बाहेर काढली तेव्हा फुसफुसत होती, नखांनी माझं मनगट ओरबाडलं. डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून जेमतेम थेंबभर रक्त घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, बैल बरा. निदान उभा तरी राहते." (घरी कुणीही सुई घेऊन बसू नका. शिरेच्या बाजूची लसिका (अंगातलं पाण्यासारखं द्रव) आत आली की रक्त पातळ होतं नि आकडा वाया जातो.)

वहीत ऑक्टोबरचं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. त्या दिवशी टाकं घासायचं होतं, म्हणून ढेमसी आदल्या रात्रीपासून झाकलेल्या टबात निवांत पडून होती. मी दोन ऋतूंची तुलना करत नव्हतोच. एक शांत कासव नि एक पिसाळलेलं कासव, एवढीच ती तुलना.

पाठलागात अ‍ॅड्रेनलिन चढतं, यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनची साखर करून रक्तात सोडतं. थंडीला सामोरं जाण्याआधी हा साठा भरलेला असतो. माणसाची साखर जेवणानंतर दोनेक तासांत खाली यायला लागते. कासवाचं इन्सुलिन फार सावकाश काम करतं, चढलेली साखर उतरायला दिवस-दीड दिवस सहज जातो, थंडीत आणखी जास्त. म्हणजे संध्याकाळी पुन्हा मोजण्यातही राम नव्हता. त्यात पट्टी माणसाच्या रक्तासाठी बनवलेली. कासवाच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण आपल्याहून बरंच कमी, आणि पेशी कमी असल्या की पट्टी खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवते. तेव्हा १६८ मध्ये थंडी किती, धावपळ किती, पट्टी किती, हे सांगणं अशक्य.

जानेवारीचा बेत असा: आदल्या संध्याकाळीच टबात, वर गोणपाट, पाणी टाक्याइतकंच थंड. डॉक्टर आले की एका मिनिटात थेंब. हे लिहिता लिहिता सुचलं, त्याच वेळी केशनळीत, म्हणजे काचेच्या बारीक नळीत, थोडं रक्त भरून तालुक्याच्या लॅबमधल्या यंत्रात गरगर फिरवून घेतलं तर पेशींचं प्रमाणही कळेल. मग पट्टी किती फेकते याचा निदान अंदाज येईल. म्हणजे डिसेंबरचं मोजमाप बाद, नवी सुरुवात जानेवारीपासून.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. थंडीमुळे ढेमसीचं खाणं बंद होऊन सहा आठवडे झाले आणि वजन ११४० वरून ११२६ ग्रॅम, फक्त १४ ग्रॅम कमी. किराण्याच्या काट्यावर तीनदा ठेवून पाहिलं. आपल्याकडची थंडी स्लायडरसाठी अर्धवटच: रात्री गारठा, दुपारी ऊन, की बाई जागी होऊन साठा जाळत फिरते. टाक्यावर तुराट्यांची सावली केल्यापासून दुपारचं पाणी १८ च्या वर गेलेलं नाही. हीटरच्या नादी लागू नका. नागपूरच्या दुकानातून आणलेल्याचा थर्मोस्टॅट आठवड्यात अडकला, वर लोडशेडिंग आहेच. शंभर-दीडशे रुपयांचा वायरवाला डिजिटल थर्मामीटर मात्र दोन वर्षं इमानेइतबारे चाललाय.

मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या देशी कासवांची साखर मोजता येईल का, असं एकाने विचारलं होतं. ती उन्हाळ्यात तलाव आटला की चिखलात झोपतात, त्यांचं गणित वेगळंच निघेल. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहेत, हात लावायचा नाही. आणि आपला स्लायडर कंटाळा आला म्हणून त्या तलावात सोडायचा नाही.

आता अडचण एकच. पट्ट्यांचा डबा बाबांनी कपाटात टाकून कुलूप लावलंय. रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवतोय.