डोंगरी बुजुर्ग ते एटापल्ली: हवेतून सव्वादोनशे, रस्त्याने साडेतीनशे

मुलाला गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीजवळच्या सूरजागड लोहखाणीत डंपरवर नोकरी लागली तेव्हा हिचा पहिला प्रश्न होता, "किती लांब?" फोनवर पाहिलं. हवाई अंतर सव्वादोनशे किलोमीटर, विमानाने अर्धा तास. हिचा जीव भांड्यात पडला. तो अर्धा तास कुणीही मनात धरून निघू नये, म्हणून हे लिहितोय.

एटापल्लीच्या बाजूला प्रवासी विमान उतरतच नाही. तिथल्या माणसाला विमान धरायला नागपूर गाठावं लागतं, आणि आम्हा डोंगरी बुजुर्गच्या, म्हणजे भंडाऱ्याच्या तुमसर तालुक्यातल्या मॅंगनीज खाणीवाल्यांनाही बहुतेकदा नागपूरच. उडायचं तिथेच उतरायचं, मग वेळ कसली मोजता! खरा हिशेब रस्त्याचा. तुमसर, भंडारा, पवनी, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि मग एटापल्ली. साडेतीनशेच्या आसपास.

पहाटे सहाला निघालो. गडचिरोलीपर्यंत एसटी बदलत दुपारी एकला पोचलो, काही त्रास नाही. वैनगंगा ब्रह्मपुरी-आरमोरीच्या मध्ये ओलांडावी लागते. पावसाळ्यात जाणार असाल तर गोसेखुर्द धरणाच्या 33 दरवाज्यांपैकी किती उघडलेत याची आदल्या दिवशीच चौकशी करा. पाणी सोडलं की नदीकाठचे रस्ते बंद पडतात.

गडचिरोलीत पोटभर जेवून घ्या. पुढे वेळेचा भरवसा नाही. आष्टी ते आलापल्ली या पट्ट्यात लोहखनिजाच्या ट्रकांची रांग आणि उखडलेला रस्ता, एसटी चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होती. हिला कंबरेचा त्रास, खिडकीचा गज धरून बसली होती. रोज या रस्त्याने शाळेत आणि दवाखान्यात जाणाऱ्यांचं काय होत असेल, हा विचार मला अजून स्वस्थ बसू देत नाही. खनिज नेणाऱ्या रस्त्यावर माणसंही राहतात.

आलापल्लीला साडेपाच वाजले. एटापल्लीची गाडी सुटून गेली होती. स्टँडवरचे एक म्हातारेबुवा म्हणाले, "आता गाडी सकाळीच जी. काळीपिवळी भेटते का पाहा." भेटली, पण सीट भरेपर्यंत तास गेला. त्यापुढे दोन्हीकडे सागाचं रान, अंधार, आणि फोनला रेंज नाही. मुलाला आलापल्लीतूनच कळवलं म्हणून बरं झालं.

दार उघडताच हिने त्याचे दोरीवरचे शर्ट पाहिले. लाल. माझे तीस वर्षं काळे निघायचे.

मागून येणाऱ्यांनी एका दिवसाचा हट्ट धरू नये. म्हातारं माणूस बरोबर असेल तर गडचिरोलीला मुक्काम करा आणि पहाटेची गाडी धरा. रेल्वे हवी असेल तर गोंदियाहून वडसा, तिथून पुढे एसटीच. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल आलापल्लीलाच भरा. खाण बघायची म्हणून डोंगराकडे जाऊ नका, परवानगीशिवाय सोडत नाहीत. आणि त्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे, त्याचाही मान राखावा.

परतीची गाडी किती वाजता, हे एटापल्लीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा.