हिरवी तार जोडून घेताना: माझा अनुभव

पाणी तापवायचा रॉड चालू असताना स्टीलच्या बादलीच्या कडीला हात लावला आणि आईला सणकून करंट बसला. सुदैवाने हात लगेच सुटला. रॉड भंगारात गेला. पण लायसन्सवाल्या वायरमनने बाथरूमचं सॉकेट मीटर लावून तपासलं आणि म्हणाला, "ताई, याला अर्थिंगच नाहीये." अर्थिंग म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी हिरवी तार. म्हणजे नवा, आयएसआय मार्कचा रॉड आणला असता तरी धोका तसाच राहिला असता.

खरा वैताग इथून पुढे. नेरूळमधली आमची बिल्डिंग जुनी, अर्थिंगची तार मीटररूममधून वर येते आणि मीटररूमची किल्ली सोसायटीच्या ऑफिसात. तिथे एकच उत्तर: "फ्लॅटचं वायरिंग तुमचं तुम्ही बघा." कधी सेक्रेटरी नाहीत, कधी किल्ली वॉचमनकाकांकडे आणि काका दुसऱ्या पाळीला. वर कमिटीतल्या एकांचं म्हणणं, "एमसीबी पडत नाही ना? मग काही प्रॉब्लेम नाही." अहो, एमसीबी म्हणजे जास्त लोड आला की पडणारा स्विच. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, एमसीबी सोळाची. माणसाच्या अंगातून ५० मिलीअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो, आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही! हे त्यांना समजावताना माझा आवाज चढला, आणि तो चढायलाच हवा होता.

शेवटी आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नियमावली, काढून वाचले. फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतच्या वीजवाहिनीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तेच वाक्य टाकून अर्ज दिला. पोच द्यायलाही खळखळ केली, पण शिक्का मिळेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या.

मीटररूम उघडली तर नवं बोर्ड बसवताना आमची हिरवी तार जोडलीच नव्हती. टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून तशीच लोंबत ठेवलेली. जोडायला चहा निवेल इतकाही वेळ लागला नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा निवांत झोपले.

घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ही तार जोडण्याआधीच बसवली होती. ती अर्थिंगशिवायही चालते, पण मग गळणारा करंट माणसातून जायला लागल्यावरच पडते. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच पडते. म्हणून दोन्ही हवंच. बसवल्यावर सारखी पडत असेल तर काढून टाकायला सांगणाऱ्या वायरमनचं ऐकू नका. जुन्या घरांत बऱ्याचदा दोन सर्किटचे न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीच्या तारा, एकत्र बांधलेले असतात आणि त्यानेही ती पडते; ते वेगळे करून घ्या.

रॉड वापरत असाल तर बटण बंद करून प्लगही काढा, मगच पाण्याला हात. नळीला तडा किंवा भोक दिसलं तर रॉड त्याच दिवशी टाकून द्या. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर लाइट गेली नाही, तर ती बदला.