होरेमहेबच्या कबरीतील अपुरी भिंत

इजिप्तमधील लक्सरला जाण्यापूर्वी मी जे वाचले होते ते बहुतेक राजांविषयीचे होते. परतल्यावर मनात सर्वांत ठळक राहिली ती एका अपुऱ्या भिंतीवरची काळी रेघ.

नाईलच्या पूर्व तीरावरील कर्नाकच्या मंदिरात १३४ खांबांचा मंडप आहे. मधले खांब सुमारे २१ मीटर उंच असून तेथे माणूस नकळत हळू आवाजात बोलू लागतो. ते सारे भव्य आहेच. माझे मन मात्र पश्चिम तीरावरील राजांच्या दरीत, म्हणजे प्राचीन राजांच्या कबरी असलेल्या दरीत, गुंतले.

होरेमहेब हा अठराव्या राजघराण्याचा शेवटचा राजा. तो सेनापती असताना त्याने सक्कारा येथे स्वतःसाठी एक कबर बांधवून घेतली होती, पण राजा झाल्यावर त्याच्यासाठी या दरीत दुसरी खोदण्यात आली. १९०८ मध्ये सापडलेल्या या कबरीच्या दफनकक्षातील काम अर्धवट राहिले आहे. त्यामुळे कुठे प्रमाणासाठी आखलेल्या चौकटी, कुठे लाल रंगातील कच्चे रेखाटन, त्यावर काळ्या रेघेने केलेली दुरुस्ती आणि कुठे कोरायला घेतलेली आकृती, असे कामाचे सगळे टप्पे येथे उघडे दिसतात. एका देवतेच्या खांद्याची लाल रेघ काळ्या रेघेने किंचित सरकवलेली पाहताना, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा एक जाणता हात आपल्यासमोरच चालतो आहे असे मला वाटले आणि मी बराच वेळ तेथून हललो नाही.

या कबरी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर जवळच्या देर अल-मदीना या वस्तीत राहत. त्यांच्या घरांच्या भिंतींचे खालचे भाग आजही ओळीने उभे आहेत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी धान्याचा शिधा थकला, तेव्हा याच वस्तीतील कारागिरांनी काम थांबवले आणि ते राजांच्या स्मृतिमंदिरांपाशी जाऊन बसले. त्याची नोंद असलेला पपायरस तुरिनच्या संग्रहालयात आहे. मंदिरे पाहणाऱ्या प्रत्येकाने या वस्तीसाठी निदान एक तास राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

वस्तीलगतच सेन्नेजेम या कारागिराची स्वतःची कबर आहे. लहानशा कमानदार खोलीच्या भिंतीवर तो परलोकातील शेतात पांढऱ्या वस्त्रांत नांगर धरून चालला आहे, आणि त्याच्या मागून त्याची पत्नी बी पेरत येते आहे.