एकशे वीस इंची पडदा आणि सगळ्यांच्या पाठी

मी प्रोजेक्टर बसवायचं काम करतो. घरांत, ऑफिसांत, आणि मोठ्या स्पर्धा आल्या की बारमध्ये. घरवाला निदान खिडक्यांचे पडदे तरी ओढून घेतो, बारवाला म्हणतो दिवे तर लागणारच, लोकांना हातातला ग्लास दिसायला नको का. आता यावर काय बोलणार, बरोबरच आहे त्याचं.

असाच एक बार, त्याच्या मालकांचा पहिला प्रश्न फोनवरच आला, फोर-के (फुल-एचडीच्या चौपट पिक्सेलचं चित्र) आहे ना? सगळ्यांचा हाच असतो. मी म्हटलं ते नंतर बघू, आधी खोली बघतो. गेलो, संध्याकाळी सगळे दिवे लावायला सांगितले आणि पडदा जिथे यायचा त्या भिंतीला उजेड मोजायचा लक्समीटर लावला. १५० लक्स. मग जे गणित मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर करून दाखवतो ते यांनाही दाखवलं. १२० इंची पडदा म्हणजे २.६६ मीटर रुंद, दीड मीटर उंच, धरा चार चौरस मीटर. लुमेन म्हणजे प्रोजेक्टर फेकतो तो एकूण उजेड, लक्स म्हणजे त्यातला दर चौरस मीटरवर पडणारा. ३००० लुमेनचा प्रोजेक्टर घेतला तर पडद्यावर पडणार साधारण ७५० लक्स, आणि खोलीतले १५० आधीच तिथे पडलेत. म्हणजे पांढरं ९०० आणि काळं १५०. प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही हो, दिवे लावल्यावर तो पडदा जेवढा उजळ दिसतो तेवढाच तुमचा काळा. खोक्यावर कॉन्ट्रास्ट लाखाला एक छापलेला असू दे, या खोलीत तो सहाला एक. ५००० लुमेन घेतले तर नऊच्या थोडा वर जातो. अंधारातल्या सिनेमाला हे अजिबात चालणार नाही, पण हिरवंगार मैदान आणि फ्लडलाइट असले की मस्त चालतं.

आणि लुमेन म्हणजे आन्सी किंवा आयएसओ लुमेन, ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले. स्वस्तातल्या डब्यांवर नुसतेच 'लुमेन' लिहून जे पाच आकडी नंबर छापतात ना, त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, भाषा बिघडेल. चांगल्या कंपनीचा आकडासुद्धा बहुतेक वेळा सगळ्यात भडक मोडमधला असतो, त्यात पांढरी जर्सीही हिरवट दिसते, रंग ठीक केले की उजेडातला बराच भाग गेला. त्यामुळे माझं म्हणणं होतं की फुल-एचडी घ्या पण ५००० चा घ्या, उरलेले पैसे पडद्यावर घाला. मालकांनी फोर-केच घेतला, लुमेन मात्र माझ्या हट्टापायी चांगले घेतले. चमकदार पडदाही हवा होता, तो मी घेऊ दिला नाही. तो समोर बसणाऱ्याला झकास दिसतो आणि कडेच्या टेबलावरून अर्धा अंधार, बारमध्ये तर निम्मे लोक कडेलाच बसलेले असतात.

बसवायला मजा आली, खोटं कशाला बोलू. लेन्स शिफ्ट वापरून, म्हणजे लेन्सच सरकवून, चित्र चौकटीत बसवलं, कीस्टोनला हातही लावला नाही, कारण कीस्टोन म्हणजे तिरकं पडलेलं चित्र सॉफ्टवेअरने कापून सरळ करायचं आणि पैसे देऊन घेतलेले पिक्सेल फेकून द्यायचे. लांब अंतर म्हणून ऑप्टिकल एचडीएमआय केबल टाकली. तिला दिशा असते, एक टोक सोर्सचं, दुसरं डिस्प्लेचं, आणि पाइपातून ओढताना पोरं ती हमखास उलटी घालतात म्हणून पाइपाशी मीच उभा राहिलो. शेवटी मोशन स्मूदिंग बंद केलं. दुकानात ते चालू ठेवून दाखवतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण ताशी १४० किलोमीटरने टाकलेला बॉल सेकंदाला ५० फ्रेमच्या चित्रात दर फ्रेमला पाऊण मीटरच्या वर सरकतो, मधल्या फ्रेम मशीन अंदाजाने काढतं, आणि अंदाज चुकला की बॉल विरघळतो. फुटबॉलमध्येही लांब पासला तेच.

एक गोष्ट राहिली. काउंटरवर जुना टीव्ही होता, सेट-टॉप बॉक्सवर चालणारा. मी कोटेशनमध्ये स्प्लिटर लिहिला होता, एकाच बॉक्सवरून टीव्ही आणि प्रोजेक्टर दोन्ही. मालकांनी तेवढी ओळ खोडली. बॉक्सला फोर-के येत नाही म्हणाले, भाच्याने सांगितलंय, प्रोजेक्टरला आपण ॲप लावू.

फायनलला मी मुद्दाम थांबलो. चित्र अप्रतिम होतं, गवताच्या कापणीचे पट्टे दिसत होते, मागच्या टेबलावरून स्कोअर वाचता येत होता. पहिला गोल झाला आणि काउंटरपाशी आरडाओरडा. पडद्यासमोरचे इकडेतिकडे बघायला लागले, पडद्यावर अजून थ्रो-इन चालला होता. अर्ध्या मिनिटाच्या वर फरक. ॲप चित्र तुकड्यातुकड्याने पाठवतं, काही तुकडे साठल्याशिवाय दाखवायला लागत नाही, त्याला प्रोजेक्टर काय करणार. दुसऱ्या हाफपर्यंत पुढची टेबलं रिकामी व्हायला लागली. मॅच पेनल्टीवर गेली तेव्हा सगळा बार काउंटरला चिकटलेला, बत्तीस इंचाच्या टीव्हीपुढे टाचा उंच करून, एकमेकांच्या खांद्यावरून. आणि मागे माझ्या पडद्यावर तो खेळाडू शांतपणे बॉल खाली ठेवतोय, दोन पावलं मागे जातोय, आणि त्याचा शॉट अडवला जाणार हे अख्ख्या बारला माहितीये.

मॅच संपल्यावर मालक म्हणाले, प्रोजेक्टर स्लो आहे, बदलून द्या. मी फोनचा स्लो-मोशन कॅमेरा लावून दाखवलं, प्रोजेक्टरचा स्वतःचा उशीर डोळ्याचं पातं लवण्याइतकाही नाही. पटलं. दुसऱ्या दिवशी स्प्लिटर लावला. आता दोन्हीकडे एकदम गोल होतो, पण स्प्लिटर दोघांतल्या लहान टीव्हीला झेपेल तेवढंच चित्र दोघांना देतो, म्हणजे फोर-के गेलं, बॉक्सवरून येतं ते १०८०आय, ज्यात दर वेळी एकाआड एक ओळीच येतात, आणि बारकाईने बघितलं तर जोरात मारलेल्या बॉलच्या कडा करवतीसारख्या दिसतात. मला तरी दिसतात. मालकांनी विचारलं, मग फोर-के घ्यायला का लावलंत? मी गप्प बसलो, कोटेशनचा कागद खिशातच होता.

पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आम्ही धंदेवाले लुमेन, पिक्सेल, रंग यावर तासन्‌तास बोलतो, एकमेकांच्या कामाला नावं ठेवतो, आणि त्या गर्दीने सगळ्यात वाईट चित्र निवडलं, तेही उभं राहून. बरं, त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. घरी एकटा बघणाऱ्याला मी अजूनही ॲपच लावून देतो, त्याला कोण आधी ओरडून सांगणार? आता मात्र शेजारी मॅच बघतात का हेही विचारून घेतो, लोकांना वाटतं हा काय फालतू प्रश्न.

परवा मालकांचा परत फोन. आता कोणाच्या तरी खिशात मोबाइलवर गोलचं नोटिफिकेशन बॉक्सच्याही आधी वाजतं, त्यावर काही करता येईल का? मी म्हटलं, त्याला लावायची वायर माझ्याकडे नाही.